हृदयाच्या ऑपरेशननंतर लसीका गळायला लागली तर: नाशिकच्या पालकांसाठी पायरी-पायरीने

ऑपरेशन नीट पार पडलेलं असतं. बाळाला पहिल्यांदा दूध दिलं जातं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छातीच्या नळीला जोडलेल्या बाटलीतलं पाणी ताकासारखं दिसायला लागतं. आदल्या दिवसापर्यंत तेच पाणी लालसर-पिवळं होतं. पालकांना वाटतं पू झाला. बहुतेक वेळा तो पू नसतो. आतड्यातून शोषलेली चरबी घेऊन रक्ताकडे निघालेली लसीका वाटेतच छातीत गळत असते. याला कायलोथोरॅक्स म्हणतात. लसीकेच्या निचऱ्याचे असे तीन-चार आजार हृदयाच्या ऑपरेशननंतर होऊ शकतात, काही चार दिवसांत, काही दहा वर्षांनी. ते दुर्मीळ आहेत, म्हणून गावाकडच्या दवाखान्यात ते चटकन कुणाच्या डोक्यात येत नाहीत. मुंबईत किंवा पुण्यात ऑपरेशन करून नाशिकला परतलेल्या घरांनी ते स्वतः ओळखायला शिकलेलं बरं.

(लसीका म्हणजे लस नव्हे. लसीका म्हणजे लिम्फ. दोन्ही शब्द एकाच फाइलमध्ये येतात आणि गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगितलं.)

पायरी १: पाणी कुठे तुंबतं ते समजून घ्या

पेशींमधलं जादा पाणी, प्रथिनं आणि आतड्यातली चरबी गोळा करून रक्तात परत सोडणाऱ्या बारीक नळ्यांचं जाळं शरीरभर असतं. पाय, पोट आणि शरीराच्या डाव्या भागातली लसीका एका मुख्य नळीत येते. ही वक्षनलिका, डॉक्टर तिला थोरॅसिक डक्ट म्हणतात. ती पाठीच्या कण्याजवळून वर चढते आणि मानेच्या डाव्या बाजूला मोठ्या शिरेत उघडते. प्रौढ माणसात या नळीतून दिवसाला दीड-दोन लिटर लसीका वाहते आणि तिच्यातला मोठा वाटा यकृत आणि आतड्यातून येतो.

आता गोदावरीचा पूर आठवा. नदी चढली की सरस्वती नाल्याचं पाणी नदीत शिरत नाही, मागे फिरून सराफ बाजारात घुसतं. नाल्यात दोष नसतो, पुढे जागा नसते. हृदयाच्या काही ऑपरेशननंतर नेमकं हेच होतं. ज्या मुलांच्या हृदयाला एकच कामाचा कप्पा असतो, त्यांच्यावर टप्प्याटप्प्याने फॉन्टन नावाचं ऑपरेशन करतात. फ्रान्सच्या बोर्दो शहरातल्या फ्रान्सिस फॉन्टन यांनी ते १९६८ मध्ये पहिल्यांदा केलं आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात शरीराकडून येणारं अशुद्ध रक्त हृदयाच्या पंपाशिवाय थेट फुप्फुसात जातं. ते पुढे ढकलायला मोठ्या शिरांमधला दाब वाढलेला राहतो. निरोगी माणसात तो पाऱ्याच्या ५ मिमीच्या आसपास असतो, फॉन्टननंतर साधारण १० ते १५ मिमी. वाढलेल्या दाबामुळे यकृतात लसीका जास्त तयार होते आणि त्याच दाबामुळे तिला मानेतल्या शिरेत शिरायला जोर लागतो. मग ती जिथे वाट मिळेल तिथे फुटते.

- छातीत फुटली तर कायलोथोरॅक्स.
- हृदयाभोवतीच्या पिशवीत साचली तर कायलोपेरिकार्डियम. हा फार कमी दिसतो, पण हृदयावर दाब आणतो.
- आतड्यात फुटली तर प्रथिनं शौचावाटे जातात. याला पीएलई म्हणतात.
- श्वासनलिकांमध्ये फुटली तर तिथे रबरासारखे साचे तयार होतात. हा प्लास्टिक ब्रॉन्कायटिस. नावातल्या प्लास्टिकचा पिशवीच्या प्लास्टिकशी संबंध नाही, साच्यात ओतल्यासारखा आकार येतो म्हणून ते नाव.

दाब हे एक कारण. दुसरं म्हणजे ऑपरेशनच्या वेळी वक्षनलिकेला किंवा तिच्या फांद्यांना लागलेला धक्का. तिसरं, मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत झालेली गुठळी. हे तिसरं कारण शोधायचं राहून जातं. आयसीयूत मानेत बरेच दिवस नळी असलेल्या मुलाची गळती थांबत नसेल, तर मानेच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी झाली का, हे विचारा. नूनन, डाउन किंवा टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलांच्या लसीकावाहिन्या जन्मापासूनच वेगळ्या असू शकतात. तसं निदान असेल तर ते ऑपरेशनच्या आधीच सर्जनना सांगा.

पायरी २: नळी आणि बाटली वाचायला शिका

आयसीयूत तुमच्या हातात फार काही नसतं, पण बाटली बघता येते. रोज एकाच वेळी, समजा सकाळी ८ ला, २४ तासांचा आकडा विचारून लिहून ठेवा आणि तो मुलाच्या वजनाने भागा. ८ किलोच्या बाळाच्या नळीतून १६० मिली आलं तर २० मिली प्रति किलो, हे बरंच जास्त झालं. १० च्या खाली उतरत असेल तर वारं बरोबर दिशेने आहे. बहुतेक ठिकाणी साधारण २ मिली प्रति किलोच्या खाली आल्यावर नळी काढायचा विचार होतो.

रंगावर पूर्ण भिस्त ठेवू नका. मूल उपाशी असेल तर गळणारी लसीका स्वच्छ पिवळी दिसते, कारण तिच्यात चरबीच नसते. दूध सुरू झालं की ती पांढरी होते. हे पाणी परीक्षानळीत उभं ठेवलं तर वर सायीसारखा थर येतो. पुवाचं तसं होत नाही, त्यात गाळ खाली बसतो.

या पाण्याबरोबर जातं काय, ते कळलं की डॉक्टर इतके आग्रही का असतात ते उमगतं. १०० मिली लसीकेत साधारण २ ते ३ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे २०० मिली गळती झाली की ४ ते ६ ग्रॅम गेली. शिवाय संसर्गाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशी आणि इम्युनोग्लोब्युलिन, गुठळी होऊ न देणारं अँटिथ्रॉम्बिन, सोडियम, कॅल्शियम, अ, ड, ई, के जीवनसत्त्वं. म्हणून जास्त गळती असलेल्या मुलाला एकीकडे जंतुसंसर्ग आणि दुसरीकडे गुठळ्या, असा दुहेरी धोका असतो.

एक साधी गोष्ट: बाटली छातीच्या पातळीच्या खाली राहिली पाहिजे. मुलाला कडेवर घेताना कुणीतरी बाटली कॉटवर ठेवतं आणि पाणी उलटं फिरतं.

पायरी ३: नमुना नीट पाठवा, नाहीतर टीबीची औषधं सुरू होतात

ही पायरी नाशिकला परतल्यानंतरची आहे आणि चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. मूल घरी येतं, दोन आठवड्यांनी धाप लागते, एक्स-रेत छातीत पाणी दिसतं. सुई घालून पाणी काढतात. रिपोर्ट येतो: प्रथिनं जास्त, पेशी जास्त, लिम्फोसाइट ८५ टक्के. आपल्याकडे असा रिपोर्ट बघितल्यावर पहिला विचार टीबीचा येतो आणि तो चूक म्हणता येत नाही, कारण आपल्याकडे टीबी आहेच. पण लसीकेच्या पाण्याचा रिपोर्टही हुबेहूब असाच असतो. फरक करणारी तपासणी ट्रायग्लिसराइडची, म्हणजे पाण्यातल्या चरबीची. ती मागितली नाही तर कुणी आपणहून करत नाही.

नमुना पाठवताना:

१. एकूण १० ते २० मिली पाणी पुरतं. पेशी मोजायला जांभळ्या टोपणाची नळी, ट्रायग्लिसराइड आणि प्रथिनांसाठी साधी लाल टोपणाची, कल्चरसाठी निर्जंतुक डबी.

२. फॉर्मवर लिहायला सांगा: ट्रायग्लिसराइड, कोलेस्टेरॉल, प्रथिनं, पेशी आणि त्यांचे प्रकार, कल्चर, एडीए. एडीए टीबीसाठी. दोन्ही बाजू एकाच वेळी तपासून होतात.

३. त्याच वेळी रक्तातलं ट्रायग्लिसराइडही पाठवा. पाण्यातलं रक्तापेक्षा जास्त असेल तर पुरावा पक्का होतो.

४. मुलाने शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं, ते फॉर्मवर लिहा. याला कुणी विचारत नाही, तरी लिहा.

पाण्यातलं ट्रायग्लिसराइड ११० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर, पेशी १००० च्या वर आणि त्यात लिम्फोसाइट ८० टक्क्यांहून जास्त, असं असेल तर कायलोथोरॅक्स धरून चालतात. ट्रायग्लिसराइड ५० च्या खाली असेल तर शक्यता कमी. पण मूल उपाशी होतं किंवा आधीच बिनचरबीच्या आहारावर होतं, तर खालचा आकडा फसवा असू शकतो. म्हणूनच वरचा चौथा मुद्दा. अशा वेळी कायलोमायक्रॉन, म्हणजे लसीकेतले चरबीचे सूक्ष्म कण, शोधणारी तपासणी करतात.

पायरी ४: स्वयंपाकघर

खरी लढाई इथे असते आणि ती चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त चालते.

तत्त्व सोपं आहे. नेहमीच्या तेला-तुपातल्या लांब साखळीच्या चरबीला रक्तात जायला लसीकेचाच रस्ता घ्यावा लागतो. मध्यम साखळीची चरबी, म्हणजे एमसीटी, आतड्यातून थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत शिरते. म्हणून लांब साखळीची चरबी जवळपास बंद आणि ऊर्जेसाठी एमसीटी. लसीकेचा ओघ कमी झाला की फुटलेली जागा मिटायला वाव मिळतो. लहान मुलांसाठी बरीच केंद्रं नेहमीची चरबी दिवसाला १० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. तुमच्या आहारतज्ज्ञांनी दिलेला आकडा वेगळा असेल तर तोच खरा.

१० ग्रॅम म्हणजे किती, ते आपल्या ताटात बघू. एक चहाचा चमचा तेल म्हणजे साडेचार ग्रॅम, तूप जवळपास ५. अंड्याचा पिवळा बलक ५, पांढऱ्यात काहीच नाही. मूठभर शेंगदाणे, समजा २० ग्रॅम, घेतले की दिवसाचा सगळा कोटा संपला, म्हणून दाण्याचं कूट घातलेली उपवासाची साबुदाण्याची खिचडी बाद. बाजरीच्या ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत अडीच ग्रॅम चरबी जाते, तेवढ्याच ज्वारीत किंवा नाचणीत १ च्या आसपास. थंडीत घरात सगळ्यांसाठी बाजरी होत असेल तर या एका मुलासाठी ज्वारी वेगळी थापा. तूरडाळ आणि मूगडाळ चालते, हरभराडाळीत चरबी त्याहून जास्त, सोयाबीन नको. गाईचं २०० मिली दूध ७ ग्रॅम, टोन्ड ६, डबल टोन्ड ३, आणि स्किम्ड दुधात जास्तीत जास्त १. तेव्हा दूध, दही, ताक, सगळं स्किम्डचं. घरी साय काढलेलं दूध म्हणजे स्किम्ड नव्हे. साय काढली तरी बरीच चरबी दुधातच राहते.

मिसळीचं काय, हा प्रश्न नाशकात येणारच. मोठ्या मुलांसाठी उसळ आणि पाव चालतो, तर्री आणि फरसाण नाही. फरसाण आणि तर्री मिळून दोन दिवसांचा कोटा एका वाटीत असतो.

फोडणी कशी करायची? जिरं आणि हिंग कोरड्या तव्यावर भाजून कुटायचं, कढीपत्ता, आलं, लसूण थोड्या पाण्यात उकळायचं आणि ते वरणात घालायचं. पाहिजे असेल तर वरण उतरवून कोमट झाल्यावर मोजलेलं एमसीटी तेल वरून घालायचं. एमसीटीत तळायचं किंवा फोडणी द्यायची नाही, ते लवकर धुरावतं आणि चव बिघडते. सुरुवात अर्ध्या चमच्याने, तीही दिवसभरात विभागून, आणि दोन-तीन दिवसांनी वाढवत न्यायचं. एकदम जास्त दिलं की पोटात मुरडा आणि जुलाब होतात. मग घरचे म्हणतात औषधच बाधलं आणि बाटली फडताळात मागे जाते. ५ मिली एमसीटीतून साधारण ४० कॅलरी मिळतात.

खोबरेल तेलाबद्दल. त्यात एमसीटी असतं म्हणून अनेक जण तेच वापरायला सुचवतात. खोबरेलातला सगळ्यात मोठा वाटा लॉरिक आम्लाचा, आणि ते बऱ्याच अंशी लांब साखळीसारखंच वागून लसीकेतून जातं. खऱ्या कामाच्या ८ आणि १० कार्बनच्या साखळ्या त्यात जेमतेम १५ टक्के. खोबरेल हा एमसीटीचा स्वस्त पर्याय नाही. ओलं खोबरं तर नाहीच.

लेबल वाचताना 'कोलेस्टेरॉल फ्री' आणि 'ट्रान्स फॅट ०' या शब्दांकडे दुर्लक्ष करा. तेलाच्या बाटलीवरही ते लिहिलेलं असतं आणि आत शंभर टक्के चरबी असते. बघायची ती ओळ 'टोटल फॅट', १०० ग्रॅममागे किती.

अगदी शून्य चरबी हेही ध्येय नाही. काही चरबी शरीराला बाहेरूनच मिळावी लागते. दोन-तीन आठवडे ती मिळाली नाही तर त्वचा कोरडी पडते, वाढ खुंटते. एमसीटी ही उणीव भरत नाही. म्हणून आहारतज्ज्ञ ठरावीक मिली सूर्यफूल किंवा अक्रोडाचं तेल लिहून देतात. ते 'थोडंसं' नव्हे, सिरिंजने मोजून. अ, ड, ई, के ची औषधंही याच कारणासाठी असतात. मूल वॉरफरिनवर, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर असेल तर आहार बदलताना आणि के जीवनसत्त्व सुरू करताना आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) लवकर करून घ्या.

अंगावर पिणाऱ्या बाळासाठी दोन वाटा आहेत: एमसीटीयुक्त फॉर्म्युला, किंवा आईचंच दूध थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून चरबी काढलेलं. फ्रिजमध्ये ठेवून वरचा थर काढण्याची घरगुती रीत पुरेशी चरबी काढत नाही. चरबी काढलेल्या दुधात कॅलरी कमी पडतात, त्यामुळे त्यात काय आणि किती मिसळायचं ते केंद्राकडून लिहून घ्या. आईने दूध काढत राहावं, गोठवून ठेवावं. सहा आठवड्यांनी ते परत कामी येतं.

आणि घरातल्या आजीला हे सगळं पहिल्याच दिवशी समजावून सांगा. 'ऑपरेशन झालेल्या लेकराला तूप नाही द्यायचं तर काय द्यायचं?' हा प्रश्न मायेचा आहे. वरणभातात लपवून घातलेलं एक चमचा तूप मात्र दोन दिवसांत पुन्हा एक्स-रे काढायला लावू शकतं. तुपाची बरणी दाखवून 'हे महिनाभर हिच्या ताटात नाही' असं आजीकडूनच वदवून घ्या. मग पहारा तीच करते.

पायरी ५: आहाराने थांबलं नाही तर

क्रम साधारण असा: एमसीटी आहार, मग तोंडाने काहीच न देता शिरेतून पोषण, सोबत ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन. ऑक्ट्रिओटाइड चालू असताना रक्तातली साखर आणि पोटाची फुगी बघावी लागते. तरीही गळती राहिली, साधारण दोन आठवडे, किंवा प्रमाण फार असेल तर त्याआधीच, गळतीची जागा शोधतात. जांघेतल्या लसीकाग्रंथीत बारीक सुईने औषध सोडून एमआरआय किंवा एक्स-रेखाली लसीकेचा नकाशा काढतात. मग वक्षनलिका शस्त्रक्रियेने बांधणं, किंवा कॅथेटरने आतून बंद करणं. कॅथेटरची ही पद्धत कॉन्स्टंटिन कोप यांनी १९९० च्या दशकात रुळवली. फिलाडेल्फियातल्या योआव डोरी आणि मॅक्सिम इटकिन यांनी २०१६ मध्ये प्लास्टिक ब्रॉन्कायटिससाठी आणि पुढच्या वर्षी पीएलईसाठी तिचे अनुभव प्रसिद्ध केले. भारतात हे काम नियमित करणारी केंद्रं थोडी आहेत. तुमच्या सर्जननाच विचारा, ते कुणाकडे पाठवतात.

विचारायचा एक नेमका प्रश्न: फॉन्टनमध्ये छिद्र, म्हणजे फेनेस्ट्रेशन, ठेवलेलं आहे का? असेल तर नकाशासाठी वापरलेलं तेलकट औषध किंवा बंद करायचा गोंद त्या छिद्रातून मेंदूकडे जाऊ शकतो. ही माहिती करणाऱ्याच्या हातात आधी हवी.

पायरी ६: महिन्यांनी, वर्षांनी येणारी सूज

पीएलई गुपचूप येतं. फॉन्टन झालेला सात वर्षांचा मुलगा. सकाळी पापण्या सुजलेल्या, संध्याकाळी मोज्यांचे वळ पायावर तासभर राहतात, पोट पुढे आलंय, हातपाय मात्र बारीक. कधी जुलाब असतात, कधी अजिबात नसतात. जंताचं औषध होतं, मग कुपोषण म्हणून पावडरी होतात, मग किडनीचा संशय. सूज आली की पहिल्याच दिवशी दोन तपासण्या एकत्र करा: रक्तातलं अल्ब्युमिन आणि लघवीतली प्रथिनं. अल्ब्युमिन ३.५ च्या खाली आणि लघवी स्वच्छ, म्हणजे प्रथिनं दुसऱ्या वाटेने जात आहेत. मग शौचातलं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं आतड्यातून गळतात का ते दाखवणारी तपासणी. ही तपासणी बहुतेक वेळा बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत जाते. शौचात लघवी मिसळू देऊ नका, डबी थंड ठेवा आणि नमुना कसा न्यायचा ते प्रयोगशाळेला आधी फोन करून विचारा. यकृताच्या तपासण्याही सोबत होतात, कारण बिघडलेल्या यकृतातही अल्ब्युमिन घटतं.

सोबत आयजीजी (संसर्गाशी लढणारं इम्युनोग्लोब्युलिन), लिम्फोसाइट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ड जीवनसत्त्व. कॅल्शियमचा आकडा अल्ब्युमिन कमी असताना फसवतो. ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, उत्तराला ०.८ ने गुणा आणि रिपोर्टमधल्या कॅल्शियममध्ये मिळवा. कॅल्शियम ७.२ आणि अल्ब्युमिन २ असेल तर खरा आकडा ८.८. शक्य असेल तर आयोनाइज्ड कॅल्शियमच मागा.

आहारात चरबी कमी आणि प्रथिनं भरपूर, किलोमागे २ ग्रॅम किंवा जास्त. १२ किलोच्या मुलासाठी २४ ग्रॅम: ४०० मिली स्किम्ड दूध १३, दोन अंड्यांचा पांढरा भाग ७, ३० ग्रॅम तूरडाळ ६ ते ७. ताट भरलं. औषधांत स्पायरोनोलॅक्टोन, सिल्डेनाफिल, ब्युडेसोनाइड अशी नावं दिसतील. ब्युडेसोनाइड स्टिरॉइड आहे. सूज उतरली म्हणून मनाने बंद करायचं नाही, कारण एकदम थांबवलं तर रक्तदाब कोसळू शकतो. शिरेतून दिलेल्या अल्ब्युमिनने दोन दिवस मूल छान दिसतं आणि पुन्हा सुजतं, कारण भोक बुजलेलं नसतं. पीएलई दिसलं की मूळ केंद्राकडून इको आणि गरज पडल्यास कॅथेटर तपासणी व्हायलाच हवी. कुठे अरुंद झालेली शिर सापडली आणि ती रुंद केली तर दाब उतरतो.

आयजीजी कमी असलेल्या मुलाला १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. जुलाब-उलटीतही वाट बघू नका. फॉन्टनचं रक्ताभिसरण शिरांमधल्या पाण्यावरच चालतं, पाणी घटलं की ते कोलमडतं. इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर गोवरसारख्या जिवंत लशी काही महिने पुढे ढकलाव्या लागतात. लसीकरण कार्डावर तशी नोंद करून घ्या.

पायरी ७: खोकल्यातून फांदी पडली तर

प्लास्टिक ब्रॉन्कायटिसला बरेच महिने दमा म्हणून पंप दिले जातात. मग एक दिवस मूल खोकून पांढरट, चिवट, रबरी तुकडा काढतं. तो टाकू नका. स्वच्छ बरणीत नॉर्मल सलाइनमध्ये सोडा. तो हळूहळू उलगडतो आणि झाडाच्या फांदीसारखा दिसतो, श्वासनलिकेचा हुबेहूब साचा. फोटो काढा, बरणी घेऊन जा.

एकाएकी धाप, ओठ निळे, ऑक्सिजन नेहमीपेक्षा १० ने खाली आणि छातीच्या एका बाजूला हवा जातच नाही, असं झालं तर ही ब्रॉन्कोस्कोपीने साचा काढायची वेळ आहे. १०८ ला फोन करा. ही सोय नाशिकमध्ये रात्री कुठे मिळते, ते आजच दोन ठिकाणी विचारून कागदावर लिहून ठेवा. अशा मुलाला गाडीत घालून थेट मुंबईचा रस्ता धरू नका. कसाऱ्याच्या घाटात ट्रक आडवा झाला तर गाडीत करण्यासारखं काहीच उरत नाही. आधी इथे श्वास स्थिर, मग ऑक्सिजनसह रुग्णवाहिकेतून पुढे.

पायरी ८: घरची वही, फाइल आणि पैसे

वहीत पाच रकाने: वजन, बेंबीवर पोटाचा घेर, ऑक्सिजन, शौच, खाल्लेली चरबी. वजन रोज सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी, त्याच काट्यावर, तान्ह्यासाठी १० ग्रॅम दाखवणारा काटा. दोन दिवसांत वजन झपाट्याने चढलं तर ते बाळसं नव्हे, पाणी. ऑक्सिजनचा 'नॉर्मल' आकडा डिस्चार्जच्या दिवशी लिहून घ्या. छिद्र ठेवलेल्या मुलाचा ८५ ते ९० असू शकतो आणि तो माहीत नसलेले डॉक्टर उगाच घाबरतात.

महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना दाखल होतानाच भेटा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. अंगणवाडीत किंवा शाळेत जाणाऱ्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीही वाट आहे, त्यासाठी त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. घरी लागणारी पावडर आणि एमसीटी तेल मात्र बहुतेक वेळा खिशातूनच जातं, महिन्याचा हिशेब आधीच मांडा. फेरतपासणीच्या तारखा घेताना २०२७ च्या सिंहस्थातले पर्वणीचे दिवस टाळा. त्या दिवसांत शहरातून बाहेर पडणंच अवघड असतं.

फाइलच्या पहिल्या पानावर चार ओळी मोठ्या अक्षरात: कोणतं ऑपरेशन, कधी, छिद्र आहे की नाही, नेहमीचा ऑक्सिजन. आणि पाचवी: 'छातीत पाणी आढळल्यास ट्रायग्लिसराइड तपासावं.'

मोठ्यांसाठी थोडंसं. बायपासनंतर छातीत लसीका गळणं क्वचित होतं, कधी डाव्या बाजूची छातीतली धमनी सोडवताना. तपासणी आणि आहार वरचाच. पायातली शीर काढलेल्या जागी मात्र लसीका बऱ्यापैकी साचते: जांघेत मऊ, न दुखणारा फुगा, किंवा टाक्यातून सतत झिरपणारं स्वच्छ पिवळसर पाणी. घरी दाबून किंवा सुई टोचून तो रिकामा करू नका, आत जंतू गेले की पाय महिनाभर धरतो. पाय उंच ठेवा, पट्टी सर्जन सांगतील त्याच दाबाची बांधा. लाली चढली किंवा पाणी गढूळ झालं तर त्याच दिवशी दाखवा.